पॉलिशवाल्याचं रिकामं घर

मी पॉलिशवाला. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा भिजवायचा आणि सागावर फिरवत राहायचं, त्यात आपलं तोंड दिसेपर्यंत. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कितीतरी दिवाणखान्यांत माझा हात फिरलाय. म्हणून एकोणनव्वद साली मानपाड्याला वन रूम किचन घेतलं, तेव्हा ठरवूनच टाकलं की आपलं घर असं चमकवायचं, की येणाऱ्यानं चपला काढून वर पायही पुसावेत. भिंतभर कपाट केलं, सोफा केला, दिवाण केला. भिंतींना ऑइल पेंट मारला. लोक बघायला यायचे आणि मी उगाचच दारात उभा राहायचो.

दोन वर्षांनी माझ्या मुलीला, चित्राला, दमा सुरू झाला. सहा वर्षांची पोर. जिना चढली की छाती सूं सूं वाजायची, ओठ काळेनिळे पडायचे. जवळचे डॉक्टर म्हणाले, धूळ, कापूस, रंग, पॉलिश, काहीही असू शकतं. घरातलं एकेक काढून बघा.

मी मुळात तापट. डॉक्टरांवरच भडकलो. "बाहेरच्या हवेचं काय ते बोला आधी!" म्हणून तणतणत घरी आलो. मालन, माझी बायको, सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "अहो, हवा आपल्या हातात नाही. कपाट आहे."

तिच्यापुढे माझं काही चाललं नाही. आधी पडदे आणि गाद्या गेल्या. मग सोफा आणि दिवाण. शेवटी कपाट. सगळं टेम्पोत घालून खडवलीला, माझ्या भावाच्या, महिपतच्या घरी पोचवलं. स्वतःच्या हातानं केलेलं कपाट जिन्यावरून उतरवताना मला रडू आलं, ते मी घामात खपवलं.

भिंतींचा पेंट खरवडून काढला. चुना भिजवला, त्यात डिंक आणि चिमूटभर नीळ घालून दोन हात मारले. चटया, दोन पत्र्याच्या ट्रंका, मातीचा माठ आणि पुस्तकांना सागाची एक फळी, एवढंच राहिलं. फळीला पॉलिश नाही. तिच्याकडे बघताना मला उघड्या अंगानं बाजारात गेल्यासारखं व्हायचं. शेजारचे हरिहरकाका म्हणाले, "सहदेवा, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच रे!" मी हसलो, पण आतून चडफडलो.

खरं सांगतो, हळूहळू मला ते घर आवडायला लागलं. सकाळचं ऊन चुन्यावर पडलं की खोली मोठी वाटायची. चित्रा मोकळ्या लादीवर गोट्या खेळायची, दिवसभर बरी असायची. संध्याकाळी मात्र धाप लागायचीच. आता काढायला काही उरलं नव्हतं, आणि पोर वाळत चालली होती. माझी झोप उडाली.

कल्याणच्या एका मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, "घरात काय काय आहे?"

"काहीच नाही हो बाई," मालन म्हणाली. "देवाला उदबत्तीसुद्धा लावत नाही."

"बाळ, तुला त्रास कधी होतो गं?"

चित्रा खाली मान घालून बसली. मी कामावरून तसाच आलो होतो. रिपोर्ट द्यायला पुढे वाकलो, तसं बाईंनी नाक आक्रसलं.

"तुम्ही काम काय करता?"

"फर्निचर पॉलिश."

"ह्याच कपड्यांनी घरी जाता?"

मी हो म्हटलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या काही बोलायच्या आत चित्रानं माझा शर्ट मुठीत धरला आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

"बाबांना खडवलीला नका ना पाठवू! ते जवळ आले की मी श्वास धरून ठेवते. मला येतो धरता. खूप वेळ येतो!"

मालननं तोंडाला पदर लावला. आम्ही एकेक वस्तू बाहेर काढत होतो आणि ती बघत होती, की जे तिला सोसत नाही ते घरातून जातं. पुढचा नंबर कुणाचा, हे तिला आमच्याआधी कळलं होतं. आठ वर्षांच्या पोरीनं ते पोटात ठेवलं. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी ठेकेदाराला सांगितलं, पॉलिश बंद. तो म्हणाला, "वेडा झाला का रे? हातात कला आहे तुझ्या." मी म्हटलं, रंधा मारीन, पण स्पिरिटच्या बाटलीला हात लावणार नाही. कामाचे कपडे टाकून दिले. वास कातडीतच मुरला होता. रोज डाळीचं पीठ लावून अंग घासलं, आणि घरात लांबच बसत राहिलो.

नवव्या दिवशी चित्रा स्वतःच उठून आली आणि माझ्या गळ्यात पडली. मानेवर काहीतरी ऊन ऊन लागलं. तिचा श्वास होता. दोन वर्षांत तो माझ्या मानेला कधी लागला नव्हता, आणि बाप असून मला ते कळलं नव्हतं.