शेजारचा ब्रेक

मित्रांनो, मी एक छोटी पांढरी गाडी आहे, आता बरीच जुनी झालेली. चार दारं, तीन सिलिंडरचं इंजिन, बारीक टायर. भर रस्त्यात माझ्यासारख्या दहा दिसतील. पण एक गोष्ट माझ्यात अशी होती, जी तुमच्या घरच्या गाडीत नसते. मला ब्रेकची दोन पेडलं होती. एक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरं शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी. दोन्ही एका लोखंडी दांड्याने जोडलेली. शेजारच्याने दाबलं की इकडचंही आपोआप खाली जायचं.

त्या दुसऱ्या पेडलापायी मला एक खोटं सहा वर्षं पोटात ठेवावं लागलं. माझं नव्हतं ते. पण ते कुणाचा तरी जीव घेईल, असं मला एका सकाळी वाटलं होतं. तेच सांगायला बसले आहे.

कारखान्यातून निघताना हातमोजे घातलेल्या एका बाईने माझं प्रत्येक दार उघडून लावलं, कान देऊन आवाज ऐकला आणि काचेवर खडूने एक खूण केली. माझं पहिलं कौतुक ते तेवढंच. तिथून मी थेट गाडी शिकवणाऱ्या एका शाळेत आले. शाळा कसली, एक खोली, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि बाहेर मी. शिकवणारे एकटेच होते. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे.

मास्तरांचा एक नेम होता. रोज सकाळी सातला ते माझ्याभोवती एक फेरी मारायचे. चारही टायरना हाताने दाबून बघायचे, तेल बघायचे, पाणी बघायचे, काच पुसायचे. मग आत बसून, इंजिन सुरू करण्याआधी, क्षणभर डोळे मिटायचे. ताप असो, पाऊस असो, चौदा वर्षांत या नेमात एक दिवस खंड पडला नाही. दुसराही नेम होता. ते शेजारी बसल्याशिवाय मला कुणी शाळेबाहेर न्यायचं नाही. घरच्यांनीसुद्धा नाही.

माझ्यावर किती जण शिकले म्हणून सांगू. एक शिंपीणबाई होत्या, त्या क्लच असा दाबायच्या की जणू शिलाई यंत्राची पायपट्टीच. एक निवृत्त पोस्टमन होते, त्यांना डावीकडे वळायचं असलं की माझे वायपर फिरायला लागायचे. मास्तर कुणावर ओरडत नसत. त्यांचा उजवा पाय मात्र कायम त्या दुसऱ्या पेडलावर. चूक झाली की मी हलकेच थांबायचे आणि चुकणाऱ्याला वाटायचं, आपणच थांबवली.

मग मास्तरांची धाकटी मुलगी शिकायला बसली. अठरा वर्षांची होती. पुढे ती चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याच्या कामाला लागली. तिथे केसाएवढी चूक चालत नाही, आणि तीच सवय तिच्या हातापायांत उतरली. तिला गाडी नुसती शिकायची नव्हती. तिला गाडी चालवायचं वेड होतं. मी चढावर धापा टाकायला लागले की ती योग्य क्षणी गिअर खाली घ्यायची आणि माझ्यात होती-नव्हती ती ताकद बाहेर काढायची. मित्रांनो, इतरांनी मला वापरलं. तिने मला चालवलं.

तिचा मोठा भाऊ, म्हणजे घरातला दादा, मोठी गाडी बाळगून होता. माझ्या इंजिनाचा आवाज ऐकून तो मला शिवणयंत्र म्हणायचा. "आज किती झगे शिवले?" असं बहिणीला विचारायचा. ज्याला चालवण्याची हौस आहे त्याचं समाधान असल्या डबीत होऊच शकत नाही, हे त्याचं ठाम मत. धाकटी शांतपणे म्हणायची, "दादा, तुझ्या गाडीत पाय अर्धा दाबलास की रस्ता संपतो. हिच्यात पूर्ण दाबावा लागतो. हिच्यात मला काम असतं."

आणि एक वाक्य ती नेहमी जोडायची. "शिवाय हिचा ब्रेक लोण्यासारखा आहे."

 माझा ब्रेक लोण्यासारखा नव्हता. चांगला घट्ट होता. तो मऊ लागायचा, कारण ती दाबायची त्याच क्षणी मास्तरही दाबायचे. नुसता पाय टेकवल्यासारखा, कळेल न कळेल असा. उतारावर तर प्रत्येक वळणाला. एकदा तिने विचारलं होतं, "बाबा, आज एकदाही पाय लावला नाहीत ना?" मास्तर काचेबाहेर बघत म्हणाले, "नाही गं." त्यानंतर तिने पुन्हा कधी विचारलं नाही. तिने विश्वास ठेवला.

यंदा मास्तरांनी शाळा बंद करायचं ठरवलं. गुडघे दुखायला लागले होते. माझं काय करायचं, हा प्रश्न निघाला. दादा म्हणाला, भंगारवाल्याला द्या आणि हिला जरा दमदार गाडी घेऊ. धाकटी म्हणाली, ही मी ठेवणार. बोलणं वाढलं. शेवटी असं ठरलं, की दगडखाणीच्या जुन्या रस्त्यावर मोटारक्लबाची चाचणी होते, तिथे धाकटीने मला उतरवायचं. पाच किलोमीटर, सात वळणं वर आणि सात वळणं खाली. छोट्या गाड्यांना सहा मिनिटं. सहाच्या आत आली तर तिला क्लबाच्या संघात जागा मिळणार आणि मी घरात राहणार. नाही आली, तर तिने दादाचं ऐकायचं.

तीन महिने दर रविवारी आम्ही त्या रस्त्यावर सराव केला. पाच मिनिटं पन्नास सेकंद, पाच मिनिटं अठ्ठेचाळीस. धाकटीचे डोळे चमकायचे.  आणि उतारावरच्या सातही वळणांना शेजारच्या पेडलावर मास्तरांचा पाय.

चाचणीच्या सकाळी खाणीच्या तोंडाशी अकरा गाड्या उभ्या होत्या. तपासणीला एक बाई होत्या, हातात पाटी आणि कागद. त्यांनी माझे दिवे पाहिले, पट्टे ओढून पाहिले आणि शेजारच्या सीटखाली वाकल्या.

"हे पेडल काढा," त्या म्हणाल्या. "गाडीचा ताबा एकाच माणसाकडे हवा. शेजारी बसणारा नुसता बसेल."

धाकटी हसून म्हणाली, "काढा ना बाबा. तसंही ते नुसतंच असतं."

मास्तरांनी पाना आणला. खाली बसून त्यांनी दांड्याचे दोन बोल्ट सोडवले. पाना दोनदा निसटला. पेडल निघालं तेव्हा मला आधी हलकं वाटलं आणि मग भीती वाटली. कारण त्या रांगेत फक्त मला आणि मास्तरांनाच माहीत होतं, की आज ती नेहमीच्या जागी ब्रेक दाबेल आणि मी नेहमीच्या जागी थांबणार नाही. वळणाच्या एका बाजूला दगडांचा ढीग होता. दुसऱ्या बाजूला काही नव्हतं, खाण होती.

रांग पुढे सरकत होती. आमच्यापुढे चार गाड्या, मग तीन. मास्तरांनी दोनदा घसा खाकरला. पट्टा उगाच ओढून पाहिला. मला जमलं असतं तर मी हॉर्न वाजवून सांगितलं असतं. पण हॉर्नसुद्धा दुसऱ्याच्या हातात असतो.

पुढची गाडी सरकली म्हणून धाकटीने मला पुढे घेतलं, थांबवलं आणि कपाळाला आठी घातली. "बाबा, ब्रेक जड लागतोय. दांडा काढताना काही हललं का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "ब्रेक असाच आहे."

"असा कधीच नव्हता."

"होता, बाळ. मी सोबत दाबत होतो."

धाकटीने दोन्ही हातांनी स्टीअरिंग घट्ट धरलं.  

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतंस. मी खोटं बोललो." मास्तरांचा आवाज इतका खाली गेला, की इंजिनाच्या आवाजात तो जेमतेम ऐकू येत होता. "तुला यायचं नाही म्हणून नव्हे. मलाच धीर धरवायचा नाही."

पुढची आणखी एक गाडी सुटली. आता मध्ये एकच. धाकटी हळू म्हणाली, "म्हणजे माझे ते अठ्ठेचाळीस सेकंद माझे नव्हतेच." मास्तर म्हणाले, उतरू या का आपण, मी बाईंना सांगतो. तिने नकारार्थी मान हलवली.  हेल्मेटचा पट्टा आवळला आणि एवढंच म्हणाली, "आता मध्ये बोलू नका."

झेंडा पडला.

चढ आम्ही नेहमीसारखा चढलो. चढावर ब्रेकला काम नसतं. तिथे तिचा पाय आणि माझा दम, तिसऱ्याचं काही नव्हतं. माथ्यावर पोचलो तेव्हा वेळ अगदी बरोबर होती. मग रस्ता खाली वळला.

पहिल्या वळणाला ती घाबरली. फार आधी ब्रेक दाबला, मी जवळजवळ उभीच राहिले. दुसऱ्या वळणाला ती सवयीवर गेली. जुन्या जागी, जुन्या हलकेपणाने तिने पाय ठेवला आणि मी थांबेना. दगडांचा ढीग समोरून अंगावर यायला लागला. माझं पुढचं चाक खडीत गेलं, खडी पोटावर उडाली. त्याच क्षणी माझ्या फरशीवर धाडकन आवाज झाला. मास्तरांचा पाय होता. जिथे पेडल नव्हतं, तिथे त्यांनी सगळा जीव एकवटून दाबलं होतं. तोंडातून मात्र शब्द काढला नाही.

धाकटीने अख्खं वजन ब्रेकवर टाकलं. मी थरथरले. चाक घसरायला लागलं तसा तिने पाय किंचित सैल केला, पुन्हा दाबला, स्टीअरिंग फिरवलं. दगड माझ्या आरशाला चाटून मागे गेले.

तिसऱ्या वळणाला तिने गिअर आधी खाली घेतला आणि मग ब्रेक दाबला. लवकर नाही, उशिरा नाही. चौथ्याला थोडा उशिरा. पाचव्याला आणखी थोडा. काच घासताना ती जशी अंदाज घेत असेल, तशी ती माझा अंदाज घेत होती. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या ब्रेकवर एकच पाय होता, आणि मला तो स्पष्ट कळत होता. फरशीवरचे धक्के चालूच होते. पण सातव्या वळणाला आला तो अगदी हलका होता.

सहा मिनिटं चार सेकंद.

दादा हातातलं घड्याळ बघत आला. तो चिडवणार असं मला वाटलं. त्याने तिचा चेहरा बघितला, वडिलांचा बघितला आणि घड्याळ खिशात टाकलं. तपासणीच्या बाईंनी कागदावर आकडा लिहिला. संघात जागा नाही. माझ्या डोळ्यांसमोर भंगारवाल्याचा गाडा उभा राहिला.

धाकटीने हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटले होते. ती बाईंना म्हणाली, "सगळ्यांचं झालं की मला एकदा परत जाऊ द्याल? वेळ लावू नका. नुसतं जायचंय."

बाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रस्ता दुपारपर्यंत बंदच आहे, जा, पण सावकाश, असं म्हणाल्या.

"हरल्यावर कशाला परत?" दादाने विचारलं.

"कारण आज पहिल्यांदा मी चालवली," ती म्हणाली. "सातातली पाच वळणं. पहिली दोन राहिली आहेत."

 दादा मागचं दार उघडून, गुडघे छातीशी घेऊन, कसाबसा आत बसला. एवढा उंच माणूस माझ्यात मागे कधी बसला नव्हता.

मास्तर शेजारी बसले. पट्टा लावला, क्षणभर डोळे मिटले. मग त्यांनी बूट काढले, दोन्ही पाय वर घेतले आणि दुखऱ्या गुडघ्यांनी सीटवर चक्क मांडी घातली. धाकटीने ते पाहिलं. ओठ घट्ट मिटून तिने मला गिअरमध्ये टाकलं.

चढ झाला, माथा आला, उतार लागला. पहिलं वळण तिने नीट घेतलं. दुसऱ्या वळणाला दगडांचा ढीग समोर आला आणि माझ्या फरशीवर पुन्हा धाडकन आवाज झाला. पण या वेळी मागून.

मास्तरांनी मान वळवली नाही. "तिथे काही नसतं रे," ते म्हणाले. "मी शोधून बसलोय."

धाकटी हसली. वळण तिने त्या हसण्यातच घेतलं.

मित्रांनो, मी भंगारात गेले नाही. ठरल्याप्रमाणे जायला हवं होतं, पण दादानेच पुन्हा तो विषय काढला नाही. रविवारी तो विचारतो, आज खाणीवर जाणार का, मागे जागा आहे का. ते दुसरं पेडल घरी आहे. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून ते दाराला अडसर म्हणून लावतात. सकाळी सातची फेरी आता धाकटी मारते. टायर दाबते, तेल बघते, काच पुसते.

छोट्या गाडीने हौस भागते का, असं कुणी विचारलं तर मी काय सांगणार? माझ्याकडे आहे तेवढं सगळं मी देते. तुम्ही माझ्या टायरची हवा बघा, ब्रेकचं तेल वेळेवर बदला, इंजिनाचा आवाज कान देऊन ऐका. आणि कधी कुणाच्या शेजारी बसलात, तर त्याला खरं काय ते आधी सांगा. मग पाय वर घ्या.