चौथ्या मजल्यावरच्या उड्या

आमच्या उलव्याच्या सोसायटीत कोणाकडे काय शिजतंय हे सगळ्यांना माहीत असतं, पण मला काय झालंय हे कोणालाच माहीत नव्हतं. मम्मीने तसा बंदोबस्तच केला होता. मी उन्नती, वय पंधरा, उंची सव्वाचार फूट. कोणी विचारलं की मम्मीचं उत्तर ठरलेलं, "आमच्याकडे अंगकाठीच लहान आहे." काहीपण! पप्पांचं डोकं पंख्याला लागायचं बाकी आहे.

खरं काय ते सांगते. मला टर्नर सिंड्रोम आहे. मुलींच्या पेशींत दोन एक्स क्रोमोसोम असतात, माझ्यात एकच. त्याने उंची खुंटते आणि हाडं विरळ होतात. दहाव्या वर्षापर्यंत दोनदा मनगट मोडलं, तेव्हापासून मम्मी मला तळहातावरच्या फोडासारखी जपायला लागली. पीटी बंद, जिना बंद, गणपतीत नाचणं बंद. पाच वर्षं मी सोफ्यावर काढली. आणि एवढं करून यंदा हाडांचा रिपोर्ट आणखी वाईट!

डॉक्टरबाईंनी मला जमिनीलगतच्या एका यंत्रावर उभं करून उडी मारायला लावली. आकडे बघून म्हणाल्या, "पायांत जोर आहे हिच्या, पण तो झटकन लावता येत नाही. टर्नरमध्ये हृदयालाही धोका असतो, पण ते तपासलंय, काळजी नको. हाडांना धक्के बसले तरच ती घट्ट होतात. रोज शंभर उड्या मारायच्या."

मम्मीचा चेहरा पडला. मला इतका राग आला म्हणून सांगू! जपून जपून आम्हीच वाट लावली होती.

मग आमच्या हॉलमध्ये उड्या सुरू झाल्या, संध्याकाळी पाचला. तिसऱ्या दिवशी खालच्या चारुलताकाकूंचा ग्रुपवर मेसेज, आठवड्याने सेक्रेटरी नामदेवकाकांची नोटीस, आणि रविवारी पाचला सोसायटीच्या हॉलमधल्या मीटिंगमध्ये पहिला विषय मीच.

"रोज डोक्यावर धाड धाड! बीपी वाढलंय माझं," चारुलताकाकू म्हणाल्या.

"डान्सची प्रॅक्टिस करते हो," मम्मी हात जोडून म्हणाली. "बंद करू आम्ही."

बंद? माझं डोकंच सटकलं. म्हणजे माझी हाडं गेली तरी चालतील, गुपित राहिलं पाहिजे! मी उठले. मम्मीने हात धरला, तो मी सोडवून घेतला.

"डान्स नाही काकू, औषध आहे ते," मी म्हणाले, आणि टर्नर, एक्स, मनगट, सगळं सांगून टाकलं. "जाड सतरंजी टाकते, वेळ तुम्ही सांगा. पण उड्या मी थांबवणार नाही. नोटीस लावा नाहीतर पोलीस बोलवा."

चारुलताकाकूंनी गालाला हात लावला. "अगं बाई! मग लग्नाचं कसं व्हायचं गं पोरीचं?"

झालं. ज्या वाक्याला मम्मी इतकी वर्षं भीत होती, ते चारचौघांत आलंच. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आता ही मला ओढत घरी नेणार, असंच मला वाटलं.

मम्मी उठली. ओढणीने तोंड पुसलं.

"ताई, हाड मोडेल म्हणून मी हिला बसवून ठेवलं, आणि तुमच्या ह्याच प्रश्नाला घाबरून लपवून ठेवलं. दोन्हीकडे चुकले." मग माझ्याकडे वळली. "आज किती झाल्या?"

"एकपण नाही. मीटिंग होती ना."

"मग मार."

"इथे?"

"इथेच. सगळ्यांसमोर."

मी चपला काढल्या. मम्मीने माझ्यासमोरची खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि मोठ्याने मोजायला लागली.