मानेतल्या रक्तवाहिनीचा आवाज

मित्रांनो, मी सोनोग्राफीचं एक जुनं यंत्र आहे. एकेकाळी मला बघायला लांबलांबचे डॉक्टर येत. आता माझं प्लॅस्टिक पिवळं पडलंय, एक चाक अडकतं, आणि नवं यंत्र आल्यापासून माझी रवानगी कोपऱ्यातल्या खोलीत झालीय. पण नजर शाबूत आहे. थंडगार जेल लावून माझा प्रोब, म्हणजे हातात धरायचा दांडा, मानेवर टेकवला, की मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी मला आतून दिसते. तिच्यातल्या रक्ताची सळसळही माझ्यातून ऐकू येते.

एका सकाळी एक बसड्रायव्हर बायकोबरोबर आला. आदल्या दिवशी त्याच्या डाव्या डोळ्यापुढे पडदा पडल्यासारखा अंधार आला होता. थोड्या वेळानं पुन्हा लख्ख दिसू लागलं.

"हिनं उगाच बाऊ केलाय," तो डॉक्टरबाईंना म्हणाला.

प्रोब टेकला आणि मला ते दिसलं. रक्तवाहिनीच्या भिंतीला चरबीचा मऊ गोळा, त्यावरचं पातळ आवरण एका जागी फाटलेलं, आणि तिथे रक्ताची गुठळी लोंबत होती.

"काका, आत्ताच ॲडमिट व्हा. काल हिचाच कण डोळ्यात गेला असणार. ही अख्खी गुठळी सुटली तर थेट मेंदूत जाईल."

"दुखत तर काहीच नाही! आणि डेपोत कळलं तर पुन्हा गाडी देतील का मला? घरी जाऊन विचार करतो."

"अहो, ऐका ना त्यांचं," बायको काकुळतीला आली. "पाया पडते तुमच्या."

त्यानं रुमालानं मान पुसली, कॉलरचं बटण लावलं. मित्रांनो, मला हात असते तर मी त्याचा शर्ट घट्ट धरून ठेवला असता. डॉक्टरबाई जिन्यापर्यंत त्याच्या मागे धावल्या. तो थांबला नाही.

दुपारीच त्याला स्ट्रेचरवरून आणलं. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. बाईंनी प्रोब टेकवला. सळसळ नव्हती. त्यांनी आवाज वाढवला, जागा बदलली, पुन्हा वाढवला. काहीच नाही. रक्तवाहिनी पुरती बंद झाली होती.

"काहीतरी बोला ना हो!" बायको त्याला हलवत राहिली.

तो वाचला, पण वाचा गेली. परवा तिनं धाकट्या दिराला तपासायला आणलं. त्याच्याही रक्तवाहिनीत चरबीचा थर धरू लागलाय, पण वेळेत सापडला. बाईंनी गोळ्या सुरू केल्या. बाहेर बाकावर ती नवऱ्याला शिकवत होती, "म्हणा, पाणी. पा... णी."

मित्रांनो, घरात कुणाच्या डोळ्यापुढे अंधार आला, हात लुळा पडला, जीभ अडखळली आणि मग सगळं ठीक झालं, तरी ते ठीक झालं असं समजू नका. रडा, रुसा, दारात आडवे पडा. पण त्यांना त्याच घटकेला दवाखान्यात न्या.