गिळलेली टिंबं

मी एक जुना कीबोर्ड आहे, मित्रांनो. शुद्ध भाषेत मला कळफलक म्हणतात, पण त्या नावाने मला आजवर कोणी हाक मारलेली नाही. माझ्या अंगावर एकशे चार कळा होत्या. आता एकशे तीन आहेत. ही हकिगत त्या एका कळीची आहे, आणि तिच्यापायी एका शहाण्यासुरत्या माणसाला आपलं डोकं गेलं असं वाटायला लागलं, त्याची आहे. त्यांचं डोकं गेलं नव्हतं. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण सांगायची गरज होती तेव्हा मला ते सांगता आलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यातून आम्ही मिनिटाला चाळीस भावंडं बाहेर पडत होतो, त्यामुळे लहानपणी फारसे लाड झाले नाहीत. एका बाईंनी माझी प्रत्येक कळ दाबून पाहिली आणि पाठीवर 'तपासले' असा शिक्का मारला. मला मिळालेलं ते पहिलं प्रशस्तिपत्रक. दुसऱ्याची मी अजून वाट पाहतो आहे.

तिथून मी आलो एका टायपिंगच्या वर्गात. पहिल्या मजल्यावरची लांबट खोली, सहा टेबलं, सहा संगणक, भिंतीवर बोटांचं एक मोठं चित्र. वर्ग सरांचा. सर आतल्या खोलीत एकटेच राहायचे. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना न बघता टाईप करायला शिकवलं होतं. त्यांचे नियम दोनच. पहिला : डोळे डाव्या बाजूच्या कागदावर, मान वर करायची नाही. दुसरा : चूक बोटाची, यंत्राची नाही. "सर, ही कळ अडकते," असं कोणी म्हणालं की सर शांतपणे म्हणायचे, "कळ नाही अडकत, तू अडकतोस." आम्ही सहाही कीबोर्ड तेव्हा अभिमानाने फुगून जायचो. आपल्या बाजूने इतकं ठाम बोलणारा माणूस पुढे आपल्याला महागात पडेल, असं कोणाला वाटलं असतं?

मी सरांच्या स्वतःच्या टेबलावर होतो. दुपारी वर्ग रिकामा असायचा. त्या वेळात सर 'डोकं चालवा' नावाच्या एका ऑनलाइन गटात जायचे. तिथे तीनशे माणसं विज्ञान, गणित आणि भविष्यकाळ यांवर भांडायची. उडत्या मोटारी आल्या तर गतिरोधक कुठे बांधायचे, यावर तिथे अकरा दिवस चर्चा चालली होती. एक प्लंबर होता, त्याचं म्हणणं असं की कृष्णविवराचं एवढं कौतुक कशाला, उतार नीट दिला की सगळंच आत जातं. दुसरा एकजण 'भविष्यातून आलोय' असं नाव लावायचा आणि उद्याच्या हवामानाबद्दल विचारलं की गप्प बसायचा. सरांच्या थोरल्या बहीणही तिथे होत्या. त्या दुसऱ्या गावी लेकीकडे राहायच्या. जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं, म्हणून त्यांनी नाव घेतलं होतं 'लसावि'. सर त्यांना ताई म्हणायचे आणि त्या सरांना धाकट्या. धाकट्याचं वय एकाहत्तर होतं.

सरांची लिहायची पद्धत तुम्हाला सांगायला हवी, कारण सगळं तिच्यात अडकलं आहे. उत्तर आधी ते पेनाने कागदावर लिहायचे. कागद माझ्या डावीकडे ठेवायचे. मग त्यावर नजर रोखून, मान वर न करता, सटासट टाईप करून पाठवून द्यायचे. पाठवलेलं पुन्हा वाचणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. "वाचून बघायचं म्हणजे काय? मी टाईप केलंय ते."

तर एकदा गटात वाद पेटला की बिस्किट चहात जास्तीत जास्त किती सेकंद धरावं. कोणी पाच म्हणालं, कोणी बिस्किटाच्या घनतेवर गेलं. प्लंबर म्हणाला, आडवं बुडवा. सरांनी ठरवलं की नुसतं बोलून उपयोग नाही, प्रयोग पाहिजे. डाव्या हातात घड्याळ, उजव्या हातात बिस्किट. नवव्या सेकंदाला त्यांनी ते वर उचललं, दहाव्याला ते तुटलं आणि माझ्या खालच्या ओळीवर पडलं. सरांनी रुमालाने मला पुसलं, गटाला 'नऊ' असं कळवलं आणि उरलेला चहा प्यायले. पण एक ओला कण टिंबाच्या कळीखाली गेला होता. दोन दिवसांत तो वाळून दगड झाला.

माझ्याकडे दोन टिंबं होती. उजव्या टोकाला आकड्यांचा जो चौकोन असतो, त्यातलं एक आणि खालच्या ओळीतलं दुसरं. सरांची शिस्त अशी की दशांशचिन्ह चौकोनातल्या टिंबाने द्यायचं आणि पूर्णविराम खालच्या टिंबाने. म्हणजे त्यांचे दशांश जागच्या जागी उमटायचे. पूर्णविराम मात्र मी गिळायला लागलो.

त्यातच गटात तो जुना वाद आला. शून्यानंतर दशांश आणि पुढे न संपणारे नऊ, म्हणजे ०.९९९..., हे एक होतं की एकाहून थोडं कमी? सरांना हे लहानपणी ताईंनीच शिकवलं होतं. एकाचे तीन सारखे भाग करा, प्रत्येक भाग ०.३३३..., तिन्ही परत जोडा, ०.९९९... म्हणजेच एक. सगळी गंमत शेवटच्या तीन टिंबांत आहे. 'असंच पुढे कायम' असं ती सांगतात. सरांनी कागदावर तिन्ही टिंबं गोल, ठळक काढली. मग टाईप केलं. अनामिकेने टक टक टक केलेलं मला अजून आठवतं. मी तिन्ही गिळली.

गटात गेलं ते असं : '०.९९९ म्हणजे बरोबर एक यात तिळमात्र शंका नाही हे मी सिद्ध करू शकतो'.

तीनशे माणसं तुटून पडली. तीन नऊ म्हणजे एक कसा हो? एक हजारांश कुठे गेला, खिशात? एकाने विचारलं, "तुमची टिंबं कुठे आहेत?" सरांनी समोरच्या कागदाकडे पाहिलं. टिंबं होती. त्यांनी टाईप केलं : 'टिंबं दिलेली आहेत नीट बघा'. तो म्हणाला, "नाहीत हो." सर म्हणाले : 'चष्म्याचा नंबर तपासा'. मित्रांनो, मी त्या दोघांच्या मधोमध पडलेलो होतो आणि मला एक अक्षरही स्वतःहून उमटवता येत नव्हतं. आमच्या जातीचं दुखणंच हे आहे. जगातली सगळी वाक्यं आमच्या अंगावरून जातात, पण त्यांतलं एकही आमचं नसतं.

हा वाद आठ महिने चालला. पूर्णविराम नसल्यामुळे सरांची वाक्यं एकमेकांत शिरायची आणि लांबच लांब होत जायची. वाचणाऱ्याला धाप लागायची. ताई हे सगळं तिकडे वाचत होत्या. एके सकाळी त्यांचा फोन आला. सर फोन नेहमी टेबलावर ठेवून मोठ्याने लावत, म्हणून मी ऐकलं.

"धाकट्या, ते काय लिहितोयस? शून्य दशांश नऊ नऊ नऊ म्हणजे एक?"

"मग? तूच शिकवलंस ना!"

"मी हे शिकवलं? अरे, नीट बोल. किती म्हणालास?"

"शून्य दशांश नऊ नऊ नऊ," सर म्हणाले आणि पुढे न संपणारे नऊ दाखवायला अर्थपूर्ण गप्प बसले.

बराच वेळ गप्प बसले. अनंत दाखवायचं तर घाई करून चालत नाही.

"धाकट्या? ऐकतोयस ना? असा मध्येच गप्प काय होतोस रे?" ताईंचा आवाज चिरकला. फोनवर टिंबं ऐकू येत नाहीत.

आठवड्याने भाची आली. ही ताईंची मुलगी, दातांची डॉक्टर. घरात डॉक्टर म्हणून तीच एक, त्यामुळे दाढेपासून मेंदूपर्यंत सगळी प्रकरणं तिच्याकडेच जायची. तिने मामाला आजचा वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. सरांनी दोनपर्यंत वजा करून दाखवलं आणि विचारलं, "उणेमध्ये जाऊ का पुढे?"

"नको मामा." तिने आपला फोन मोठी अक्षरं करून त्यांच्या पुढे धरला. "हे तूच लिहिलंस ना?"

सरांनी वाचलं. आपलं टाईप केलेलं त्यांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदाच वाचलं असेल. वर सरकवलं, खाली सरकवलं. एकाही वाक्याला शेवट नव्हता.

"टिंबं कुठे गेली?" ते हळूच म्हणाले.

"तेच तर सगळे विचारतायत, मामा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, मला वाटलं, सुटलो! आता म्हणतील, कीबोर्ड बिघडलाय. त्यांनी पडद्याकडे बघत टिंबाची कळ दाबली. काही उमटलं नाही. पुन्हा दाबली. तीस वेळा दाबली. मग त्यांनी उजव्या हाताची अनामिका डोळ्यांसमोर धरली.

"दाबलं असं मला नुसतं वाटतंय," ते म्हणाले. "बोटापर्यंत पोचतच नाहीये."

"मामा, कीबोर्ड बिघडला नसेल ना?"

"गप. चाळीस वर्षं पोरांना काय शिकवलं मी? चूक बोटाची."

दातांच्या डॉक्टरने ते बोट हातात घेऊन दोनदा वाकवून पाहिलं. इकडे मी जोर लावला, मनातल्या मनात एक तरी टिंब उमटवायचा प्रयत्न केला. आमच्यात जोर खालून वर लागत नाही, वरून खाली लागतो.

त्यानंतर सर वर्गात कमी बोलू लागले. एका विद्यार्थिनीचं टंकलेखन तपासताना त्यांनी कागद परत केला. "दुसऱ्या कोणाला तरी दाखव, माझा भरवसा नाही." हे तिने घरी सांगितलं असणार. महिन्याभरात एकवीसपैकी अकराजण यायचे थांबले. मग सरांनीच ताईंना फोन केला. "ये, मला घेऊन जा. वर्ग बंद करतो. बोट गेलं, आता मागोमाग बाकीचं जाईल." एरवी चढ्या आवाजात भांडणाऱ्या ताई एवढंच म्हणाल्या, "बरं."

त्या आल्या. दोन दिवस बांधाबांध चालली. पाच टेबलं भिंतीशी उभी राहिली. शेवटी दारावर लावायची पाटी राहिली. "मी टाईप करत नाही, तू कर," सर म्हणाले आणि भांडी बांधायला आत गेले.

ताई माझ्यासमोर बसल्या. त्यांना टायपिंग येत नव्हतं. एका बोटाने एक अक्षर शोधायच्या, दाबायच्या, पडद्याकडे बघून ते आलं का याची खात्री करायच्या, मग पुढचं. सरांनी बघितलं असतं तर ओरडलेच असते. 'हा वर्ग आजपासून बंद आहे' एवढं लिहायला त्यांना पाच मिनिटं लागली. मग त्यांनी टिंब दाबलं आणि पडद्याकडे पाहिलं. पुन्हा दाबलं, पुन्हा पाहिलं.

"मेल्या," त्या मला म्हणाल्या.

इतक्या वर्षांत माझ्याशी थेट बोललेलं ते पहिलं माणूस. त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला, कळीखाली घातला आणि मुळासकट उपटली. खाली तो कण होता, पिवळट आणि टणक.

"धाकट्या! बाहेर ये!"

सर हातात पातेलं घेऊन आले. ताईंनी तळहात पुढे केला. "हे बघ तुझं गेलेलं डोकं. चहाबरोबर खाल्लेलं दिसतंय."

"यंत्राला दोष देऊ नकोस, ताई."

"गाढवा, आठ महिने मी रडतेय! यंत्राला नाही तर काय तुला देऊ?"

"पण मला कळायला हवं होतं ना," सर म्हणाले. पातेलं त्यांनी तसंच धरून ठेवलं होतं. "हाताखालची कळ मेली आणि मला कळलं नाही."

"तू वर बघितलंस कधी?"

यावर सर काहीच बोलले नाहीत. या वेळी त्या गप्प बसण्याचा अर्थ ताईंनी चुकीचा घेतला नाही. त्या उठल्या, पातेलं त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि बांधलेली भांडी सोडायला आत गेल्या.

वर्ग बंद झाला नाही. गेलेल्या अकराजणांपैकी चारजण परत आले. सरांनी दुसऱ्या कीबोर्डवरून गटाला सगळं सविस्तर कळवलं, ठसठशीत टिंबांसह. गटाने उत्तर दिलं की आता टिंबं घालून विषय बदलू नका. ती चर्चा अजून चालू आहे. माझी उपटलेली कळ परत बसेना, म्हणून मला कपाटावर ठेवलं आहे. इथून सरांचं टेबल नीट दिसतं.

आणि मी रोज बघतो, मित्रांनो. सरांचा नवा कीबोर्ड चांगला आहे, एकही कळ चुकत नाही. तरी सर आता प्रत्येक ओळीनंतर थांबतात. मान वर करतात. पडद्याजवळ जाऊन टिंब आलं का ते बघतात, कधी त्याच्यावर बोट ठेवून बघतात, मग पुढची ओळ. वर्गातली नवी मुलंही त्यांचं पाहून मान वर करतात आणि सर त्यांना रागावत नाहीत. डोकं त्यांना परत मिळालं. न बघता टाईप करायचा तो रुबाब काही परत आला नाही. 'सर, टिंब आलंय, पुढे जा,' एवढंच मला सांगायचं असतं. पण मी कीबोर्ड आहे, आणि तोही वायर काढलेला.

म्हणून तुम्हालाच सांगतो. आमच्या अंगावर खाऊ नका. खाल्लंत तर आम्हाला उलटं करून झटका, नुसतं वरून पुसू नका. आणि आपल्या घरातलं एखादं माणूस अचानक वेड्यासारखं लिहायला लागलं, तर त्याला आजचा वार विचारण्याआधी एकदा त्याच्या खुर्चीत बसा आणि त्याच्या कळा दाबून बघा. एकूण एकशे चार आहेत. फार वेळ लागत नाही.