गाडी ठोकते

मी गॅरेजमध्ये पोचलो तेव्हा मेव्हणा आधीच येऊन बसला होता. एका जुन्या टायरवर, मांडीवर गाडीचे कागद घेऊन. कागद त्याच्याच नावावर आहेत. गाडीही मुळात त्याचीच. त्याचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. शिकाऊ लोकांनी झिजवलेली ही गाडी त्यानं बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, देऊन टाकली आणि नाव बदलायचं दोघांनीही मनावर घेतलं नाही. नंतर तिनं ती इतकी चालवली की मीटरचे आकडे संपून पुन्हा शून्यापासून सुरू झाले. आता बायको या जगात नाही. मेव्हण्याला गाडी भंगारात घालायची होती आणि मला ती दारात हवी होती.

चढावर इंजिनातून आवाज येतो हे मलाही मान्य होतं. मिस्त्रीनं इंजिन गेलं असं सांगितलं, तर भंगार. नाही म्हणाला, तर गाडी माझ्याकडे. एवढंच आम्ही फोनवर ठरवलं होतं, तेही शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"या दाजी," तो म्हणाला. "चालवत आणलीत? मला वाटलं ढकलत आणाल."

"तुझ्या शिकाऊंच्या हातात होती त्यापेक्षा बरी चालते."

"भांडायचं तर बाहेर," मिस्त्री म्हणाला. "मला ऐकायचंय."

मिस्त्री आम्हा दोघांपेक्षा वयानं मोठा आणि तोंडानं फटकळ. गाडी पहिल्यापासून त्याच्याकडेच यायची, ही घेऊन यायची. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डोळे मिटून एकेक जागा ऐकत गेला. मग एकेका प्लगची वायर काढून पाहिली. आत बेअरिंग गेलेलं असलं तर त्या सिलिंडरची वायर काढली की आवाज मऊ पडतो. इथे मऊ पडायला आवाजच नव्हता.

"आत्ता ठोकत नाही," तो म्हणाला. आतून खडखडणारं इंजिन त्याच्या भाषेत ठोकतं.

"आत्ता नसेल ठोकत, पण गाडी ठोकलेली आहे." मेव्हणा उठून पुढे आला. "हा बंपर बघा. एवढाच रंग नवा कसा?"

"बंपर तुझ्याकडे असतानाच खरवडलेला होता," मी म्हणालो. "हिनं रंगवून घेतला."

"मीच रंगवला," मिस्त्री म्हणाला. "बंपरचा आणि आवाजाचा काय संबंध?"

"संबंध यांना विचारा." मेव्हण्यानं माझ्याकडे बोट केलं. "दाजी, आज बोलूनच टाकतो. ताईनं मला फोनवर सांगितलं होतं, यांनी गाडी ठोकली म्हणून. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचं डोकं दुखायला लागलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. कुठे ठोकलीत? तिचं डोकं कशावर आपटलं?"

हॉस्पिटलमध्ये तो माझ्याशी बोलला नव्हता. नंतर घरात पाऊल ठेवलं नव्हतं. मला वाटायचं, बहीण गेली म्हणून असेल. तो माझ्यावर हा संशय घेऊन हिंडत होता.

"डोक्यातली नस फुटली तिची," मी म्हणालो. "डॉक्टरनं तुझ्यासमोर सांगितलं."

"नस आपोआप फुटते?"

"फुटते. असाच बोलत राहिलास तर तुझीही फुटेल."

"म्हणजे ताई खोटं बोलली?"

ही टोमणे मारायची, पण खोटं बोलायची नाही. आणि मी गाडी कधीच कुठे आपटली नव्हती.

मिस्त्रीनं बॉनेट आपटलं. "पुलाच्या चढावर चला. तुम्ही चालवा." तो माझ्या शेजारी बसला, मेव्हणा मागे.

चढ लागला आणि आवाज सुरू झाला. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा. मला तो रोजचाच. ही गेल्यापासून घरात कुणी कुरकुर करत नव्हतं, ही गाडी तेवढी करायची.

"ऐका," मेव्हणा मागून म्हणाला. "गेलं इंजिन. मी भंगारवाल्याला फोन लावतो."

"खिशात ठेव तो फोन," मिस्त्री म्हणाला. "गाडी वळवून खाली घ्या. आता हा चालवेल."

मेव्हण्यानं तोच चढ घेतला. चढाआधी गिअर खाली आणला, गाडी तोंड वर करून सरळ निघाली. आवाज नाही. त्यानं ॲक्सिलरेटर आणखी दाबला. तरी नाही. वर पोचल्यावर त्यानं आरशातून माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच आवाज काढून खिशात टाकला होता.

मिस्त्रीनं पुन्हा मला बसवलं. पुन्हा खडे वाजायला लागले. त्यानं मला क्लच दाबायला लावलं, गिअरवरच्या माझ्या हातावर आपला हात ठेवला, चौथ्यातून तिसऱ्यात ढकलला आणि खडे थांबले.

"पेट्रोल वाचवताय? म्हाताऱ्याच्या पाठीवर पोतं देऊन त्याला जिना चढवताय तुम्ही. आत कार्बन साचलाय, तो काढतो. ठिणगीचं टायमिंग जरा मागे घेतो. इंजिनाला काहीही झालेलं नाही." मग तो मागे वळला. "आणि तू ड्रायव्हिंग शिकवतोस ना? इतक्या जवळून गिअर दिसला नाही?"

"मी इंजिन ऐकत होतो," मेव्हणा म्हणाला.

"ऐकून काय उपयोग? बाईंना मी तेव्हाच सांगितलं होतं, यांनी चालवली की गाडी ठोकते."

मेव्हणा दोन्ही सीटांच्या मधून पुढे वाकला.

"काय सांगितलं होतं?" मेव्हण्यानं विचारलं.

"यांनी चालवली की गाडी ठोकते. त्या हसल्या. म्हणाल्या, भावाला सांगते, तो जगाला शिकवतो, यांनाही शिकवेल."

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या माणसाला ठोकण्याचा एकच अर्थ ठाऊक असतो.

"फोन तुटत होता," मेव्हणा म्हणाला. "ठोकली, असंच ऐकू आलं."

"आणखी काय म्हणाली?"

"म्हणाली, एकदा येऊन जा, यांना जरा समजाव. मला वाटलं, ठोकल्यावर काय समजावायचं. आलो नाही."

"आला असतास तर तिला भेटला तरी असतास."

"दाजी, बोलू नका."

"बोलणार. एका शब्दावर मला बायको मारणारा ठरवलंस. एकदा विचारायचं होतंस."

"आणि तुम्ही? मी घरी का येत नाही, हे तुम्ही कधी विचारलंत?"

"गिअर," मिस्त्री म्हणाला. मी पुन्हा चौथ्यात होतो आणि खडे वाजत होते.

काम होऊन गाडी मिळाली त्या दिवशी मेव्हणा बोलावल्याशिवाय गॅरेजवर आला आणि माझ्या शेजारी बसला. घरापर्यंत शिकवत राहिला. क्लच पूर्ण दाबा. आता तिसरा. माझ्याकडे काय बघताय, रस्ता बघा. शिकाऊ पोरांवर ओरडतो तसाच ओरडत होता, फक्त मला अहो-जाहो करून. चढावर आवाज आला नाही. दोघांनीही कान लावून ऐकलं.

दारापाशी तो उतरला. कागदांची घडी करून त्यानं आपल्याच खिशात घातली.

"हे माझ्याच नावावर राहतील," तो म्हणाला. "पुन्हा ठोकली तर गाडी घेऊन जाईन."

"ठोकली म्हणजे? कुठली ठोकली?"

"कुठलीही."

तो बसस्टॉपकडे चालायला लागला. मी सोडतो म्हणालो नाही, आणि त्यानं मागे वळून पाहिलं नाही.