कपाटाचं खालचं टोक

भोंग्यानं छाती फुगवली, मान मागं टाकली, तोंड चांगलं वीतभर उघडलं, आणि आतून नुसता वारा आला.

त्यानं पुन्हा एकदा जोर लावला. या खेपेला वाऱ्यासोबत बारीकशी शिट्टी आली, फुटक्या किटलीतून यावी तशी.

"दाजी, करा ना सुरू," मेहुणा म्हणाला. "वाकून वाकून माझ्या पाठीचं धनुष्य झालं."

चौघे जण जिन्याच्या पायथ्याशी कपाटाला हात लावून उभे होते. कपाट तीन दारांचं, जुन्या भरीव लाकडाचं, मधल्या दाराला माणसाच्या उंचीचा आरसा. लिफ्टनं त्याला दारातूनच नमस्कार केला होता. जायचं होतं चौथ्या मजल्यावर, बहात्तर पायऱ्या चढून. सामान हलवणाऱ्या कंपनीतली ही टोळी अकरा वर्षं एकत्र ओझी वाहत होती आणि या अकरा वर्षांत एकही ओझं भोंग्याच्या हाळीवाचून जागचं हललं नव्हतं. निदान भोंग्याचं तसं मत होतं.

त्याचं खरं नाव आता कंपनीच्या रजिस्टरापुरतंच उरलं होतं. वरचं टोक धरायचं आणि तिथून गायचं, हे त्याचं काम. साध्या 'हैय्या हो'वर त्याचं भागत नसे. दर जिन्याला नवं कवन, दर वळणाला नवी ओळ. या कपाटासाठी तर त्यानं अख्खा रविवार घातला होता. बसून म्हणून पाहिलं, उभ्यानं म्हणून पाहिलं, खिडकीतून डोकं काढून समोरच्या इमारतीलाही ऐकवलं:

उचला गड्यांनो, हळूच उचला,
कपाट नाही, नवरी ही!
आरसा तिचा तडकू नका रे,
सासरी निघाली गोरी ही!

त्या रविवारचं फळ सोमवारी सकाळी गळ्यात पडलं. बायकोनं कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करायला दिल्या आणि हात जोडून छताकडं पाहत म्हणाली, "ऐकलंस रे बाबा एकदाचं."

बसायचा तर घसा दुसऱ्या कुठल्याही दिवशी बसता. आज ऑफिसातल्या मॅडम वही घेऊन आल्या होत्या. दर टोळीला एक प्रमुख नेमायचा, असं कंपनीनं ठरवलं होतं आणि तो कामाच्या जागी पाहूनच नेमायचा होता. 'उत्तम सहकारी, उत्तम नेता: अकरा गुण' असा कागद महिनाभर गोदामाच्या दारावर चिकटवलेला होता. भोंग्याला तो तोंडपाठ होता. पहिलाच गुण 'स्पष्ट संवाद'. तो वाचताना आरशात पाहिल्यासारखं त्याला वाटलं होतं. कुणी नसताना त्यानं पेन्सिलीनं स्वतःपुरत्या खुणाही करून पाहिल्या होत्या. अकराच्या अकरा. शेवटी 'नम्रता' होती, तिच्यापुढं दोन.

"तुमच्यात पुढाकार कोण घेतं?" मॅडमनी विचारलं.

तिघांनी भोंग्याकडं पाहिलं. भोंग्यानं तोंड उघडलं. किटली वाजली.

"यांचा घसा बसलाय," मेहुण्यानं सांगितलं. "एरवी तीन गल्ल्यांत ऐकू जातात."

भोंग्यानं हातवाऱ्यांनी काम चालवायचं ठरवलं. दोन्ही तळवे पुढं करून त्यानं 'थांबा' अशी खूण केली. पैलवानाला वाटलं, 'ढकला'. पैलवान हा दारातून आडवा जाणारा आणि पालीला भिणारा गडी, त्यानं ढकललं. कपाट भोंग्याच्या पोटाला येऊन भिडलं.

"अहो, आरसा!" वरच्या कठड्यावरून मास्तरीणबाईंचा आवाज आला. कपाट त्यांचं होतं. शाळेतून निवृत्त होऊन वर्षं लोटली होती, पण आवाजातली छडी अजून शाबूत होती. "माझ्या आईचं आहे ते. हसतखेळत नको, नीट न्या."

"दाजी, आज हाळी मी देतो," मेहुणा म्हणाला. त्यानं सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि जणू अकरा वर्षं याच घटकेची वाट पाहिली होती असा सूर लावला:

एक पायरी, दोन पायरी, तीन पायरी, चार,
दाजींचा घसा बसला, आता आमचाच कारभार!

मॅडम हसल्या. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलंसुद्धा.

भोंग्याच्या मनात आलं, हे गाणं शेजारी उभं राहून ऐकण्यापेक्षा कपाट अंगावर घेतलेलं बरं. त्यानं पैलवानाला मानेनं वर पाठवलं आणि स्वतः त्याच्या जागी, खालच्या टोकाला गेला. अकरा वर्षांत तो तिथं कधी उभा राहिला नव्हता.

खालच्या टोकाला दुसऱ्या बाजूनं मुंगी होता. कपाटाच्या एका दाराएवढंही वजन नसेल त्याचं. दिवसाकाठी बोलायचा चार शब्द, त्यातले दोन 'हो' आणि 'बरं'. भोंगा त्याच्याशेजारी वाकला, पट्टा खांद्यावर घेतला, आणि मग त्याला कळलं की खालच्या टोकाला जगच नाही. नाकासमोर फळी. फळीच्या पलीकडं फळी. डांबराच्या गोळ्यांचा वास. डावीकडं भिंत, उजवीकडं मुंगीचा कान. खाली पाहिलं तर चार पावलं, दोन आपली, दोन मुंगीची. एवढंच.

वर मेहुणा गात असावा. खाली येईतो त्याचं 'ऊंऽ, ऊंऽ, ऊं' एवढंच उरत होतं, रांजणात तोंड घालून कुणी बोलावं तसं.

भोंगा ताटकळला. आता उचलायचं कधी?

टक.

मुंगीनं बोटाच्या पेरानं कडेच्या फळीवर ठोकलं होतं. मग जरासं थांबून, टकटक.

कपाट उचललं गेलं. भोंग्यानंही उचललं, कधी उचललं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. एक पायरी, दुसरी, तिसरी. मुंगीनं फळीवरून तळवा फिरवला, झोपलेल्या गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि कपाट अलगद टेकलं.

भोंग्यानं त्या बोटाकडं बोट दाखवलं आणि भुवया उडवल्या.

"वरचं इथं कळत नाही ना," मुंगी म्हणाला. "फळी आड येते. मग मी ठोकतो. वरच्यांच्या हाताला समजतं."

भोंग्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग तोच हात तोंडाशी नेऊन, मान डोलवत, हवेत एक अख्खं कवन म्हणून दाखवलं.

"तुमचं? नाही, तुमचंही नाही कळत." मुंगीला एवढं बोलायची सवय नव्हती, त्यानं श्वास घेतला. "पण आवाज बरा वाटतो तुमचा. एका लयीत असतो. मला वाटायचं, तुम्ही पायऱ्या मोजता."

मोजता!

पियानोवर त्यानं आठ ओळी रचल्या होत्या. दवाखान्याच्या तिजोरीवर बारा. लोखंडी पलंगाच्या कवनाला तर एका वाटसरूनं थांबून टाळी दिली होती. पैलवान वळणात अडकला त्या दिवशी त्यानं जागच्या जागी ओळी जुळवल्या होत्या:

वळण आलं, वळण आलं, जपून घ्या रे कड,
पैलवानाच्या पोटापुढं कपाट नाही जड!

आणि खाली हा माणूस मनात म्हणत होता, चौदा, पंधरा, सोळा.

टक. टकटक.

पुढचा टप्पा चढताना भोंगा आपल्या हातांकडं पाहत होता. वरच्या टोकाला असताना दर खेपेला, अगदी 'उचला' शब्द ओठांवर यायच्या आधी, तळव्यांना बारीकशी थरथर जाणवायची. तिला तो आपल्या आवाजाची ताकद समजत आला होता. शब्द तोंडातून निघण्यापूर्वीच लाकडाला कळतो, असं त्यानं एकदा बायकोला सांगितलं होतं. बायकोनं विचारलं होतं, "आणि माणसाला कधी कळतो?"

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाट कडेवर उभं करून टेकवलं. इथं जिना मोकळा होता, वरचं खाली स्पष्ट ऐकू येत होतं. मॅडम कठड्याला टेकून उभ्या होत्या. त्यांना पाहून मेहुण्याला स्फुरण चढलं. त्यानं एक हात आकाशाकडं फेकला, तो झटकन कपाटावर परत ठेवला, आणि भिंतीचा रंग उडेल अशा आवाजात ओरडला:

"उचलाऽऽ!"

कुणी हललं नाही.

पैलवान हलला नाही. भोंग्याला शब्द स्वच्छ ऐकू आला होता, पण त्याचा खांदा जागचा उठला नाही, कशाची तरी वाट पाहत राहिला. आणि गंमत म्हणजे मेहुणाही हलला नाही.

"तुम्ही 'उचला' म्हणालात ना?" मॅडमनी विचारलं.

"म्हणालो की."

"मग तुम्हीच का नाही उचललंत?"

मेहुण्यानं आपल्या हातांकडं पाहिलं, जणू ते कुणाकडून मागून आणले होते. "काय माहीत बुवा."

मुंगी या कशातच नव्हता. तो खाली पाहत होता. भोंग्यानं त्याच्या नजरेमागून पाहिलं. भोंग्याची स्वतःचीच डावी टाच पायरीच्या कडेबाहेर लोंबत होती, चपलेचा पट्टा निम्मा सुटला होता. त्या पायावर भार आला असता तर आरसा आणि भोंगा, दोघांचेही तुकडे वेचावे लागले असते.

"दादा, टाच आत घ्या," मुंगी हळूच म्हणाला.

भोंग्यानं टाच आत घेतली. मुंगीनं मग कड ओलांडून वर नजर टाकली: पैलवानाचा अंगठा कठड्यात तर सापडत नाही ना, मेहुणा नीट उभा आहे ना. सगळ्यांत शेवटी स्वतःच्या पायांकडं पाहिलं. भोंगा उभा राहून हे पाहत होता. अकरा वर्षं ओळी रचायला आपल्याला वेळ कुठून मिळायचा, ते त्याला आता समजलं.

टक. टकटक.

बहात्तरावी पायरी सरली, तेव्हा कपाट मास्तरीणबाईंच्या खोलीत दोन खिडक्यांच्या मध्ये जाऊन उभं राहिलं. त्यांनी आरशावर बांधलेली घोंगडी काढली, आरशात पाहिलं, केस सारखे केले आणि म्हणाल्या, "छान. दहापैकी नऊ. एक मार्क गाण्याचा कापला."

सगळे पाणी पीत बसले. मॅडमनी वही उघडली.

"मला आज एक नाव लिहायचंय. तुम्हीच सांगा ना, कोण असावं?"

"आता मी काय माझ्या तोंडानं सांगू," मेहुणा म्हणाला आणि सांगायला लागला. "स्पष्ट संवाद म्हणाल तर आज तुम्ही ऐकलाच. दुसरं, प्रसंगावधान. दाजींचा घसा बसला, तर कोण उभं राहिलं?"

मॅडम भोंग्याकडं वळल्या. "तुमचं काय मत?"

भोंग्यानं पेल्यात पाहिलं. गुळण्यांनी घसा आता जरा मोकळा झाला होता. मनावर घेतलं असतं तर एखादा शब्द निघाला असता. तो शब्द कुठला असावा, हे त्याला महिनाभर पाठ होतं. त्यानं पाण्याचा घोट घेतला आणि तो लांबवला.

मुंगी बसला नव्हता. कपाट जमिनीवर सरळ टेकलंय की एक पाय अधांतरी आहे, ते तो वाकून पाहत होता. एका कोपऱ्याची शंका आली म्हणून त्यानं पेरानं फळीवर वाजवून पाहिलं.

टक. टकटक.

पैलवानाच्या हातातला पेला खाली गेला. मेहुण्याचं 'तिसरं म्हणजे' अर्ध्यावर राहिलं. भोंगा स्टुलावरून उठला. तिघांचे हात कपाटाला लागले, पाठी वाकल्या, आणि कपाट जमिनीपासून वीतभर वर उठलं.

"अहो, इथंच हवंय मला ते!" मास्तरीणबाई ओरडल्या.

तिघे कपाट धरून तसेच उभे. मुंगी बोट फळीपाशी तसंच ठेवून, चोरी पकडल्यासारखा, कानांपर्यंत लाल झालेला. आरशात सगळी टोळी दिसत होती आणि तिच्यामागं मॅडम, पेन उघडं ठेवून.

मॅडमनी एकेकाकडं पाहिलं. शेवटी भोंग्याकडं. भोंग्याचे दोन्ही हात ओझ्याखाली होते. त्यानं हनुवटी उचलली आणि मुंगीच्या दिशेनं केली. मॅडमना कळलं नसेल म्हणून आणखी एकदा केली.

मुंगीनं फळीवरून तळवा फिरवला. कपाट खाली आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना भोंग्याच्या गळ्यातून सूर फुटला, आधी खरखर, मग गुणगुण. आतून बायकोचा आवाज आला.

"उघडला वाटतं घसा! आज कुणावर रचताय, गोदरेजवर की गादीवर?"

भोंग्याच्या ओठांवर एक ओळ येऊन उभी होती, बरी होती, यमकही जुळत होतं. त्यानं ती जिभेवर घोळवली आणि गिळली.

"रचत नाही," तो म्हणाला. "मोजतोय."