कोरं रक्त

माझ्या सासूबाई साबणसुद्धा धुऊन ठेवतात. थट्टा नाही. पाहुणा हात धुऊन गेला की त्या साबणाची वडी नळाखाली धरतात आणि मगच डबीत ठेवतात. आमच्याकडे न्हाणीघराच्या चपला वेगळ्या, बाल्कनीच्या वेगळ्या, घरात घालायच्या वेगळ्या. बाल्कनीच्या चपला घालून चुकून कोणी आत आलं, तर त्याची धडगत नसते. नवऱ्यानं या बाबतीत लहानपणीच हात टेकले होते, मी लग्नानंतर टेकले.

म्हणून तर प्रयोगशाळेत कोरं रक्त हवं असलं की मी डोळे झाकून सासूबाईंना, म्हणजे आमच्या आईंना, घेऊन जायचे. मी जंतांवरच्या लशीचं काम करते. जंत म्हणजे ओल्या मातीतून अनवाणी तळव्यात शिरणारे, आतड्याला चिकटून रक्त पिणारे ते बारीक जंत. ज्याला ते जन्मात कधी झाले नाहीत अशा माणसाचं रक्त चाचणीत शेजारी ठेवावं लागतं आणि त्याच्याशी ताडून बाकीच्यांचं मोजावं लागतं. त्याला आम्ही कोरं रक्त म्हणतो. आई ऐटीत हात पुढे करायच्या, रक्त काढणाऱ्या मुलीला आधी तिचे हात धुवायला लावायच्या आणि खुर्ची पुसून उठायच्या. सगळे त्यांना कोऱ्या आजी म्हणायचे. त्यांना ते मनापासून आवडायचं.

लशीसाठी मी जंताच्याच अंगातलं एक प्रथिन निवडलं होतं. त्याच्यामागे माझ्या केसांचा रंग बदलला. आई त्याला कार्टं म्हणायच्या. मी दारात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "काय म्हणतंय तुझं कार्टं?" आम्हाला मूल नाही. त्यावरून आईंनी मला एका शब्दानं कधी दुखवलं नाही, पण कार्ट्याची चौकशी एक दिवस चुकवली नाही. ते पाण्यात धड विरघळेना तेव्हा त्या हळहळल्या. उंदरांवर लागू पडलं तेव्हा आळीभर सांगत सुटल्या. या बाईवर माझा फार जीव आहे.

तर आता माणसांना लस टोचायची वेळ आली होती. धडधाकट, शहरात राहणारी, पायात बूट घालणारी माणसं निवडली होती. प्रत्येकाला समोर बसवून विचारलं होतं, लहानपणी कधी जंत झाले होते का? सगळे ठामपणे नाही म्हणाले. हा प्रश्न विचारणं भागच होतं. ज्याला पूर्वी जंत होऊन गेले, त्याचं शरीर जंताची प्रथिनं ओळखून बसलेलं असतं. तेच प्रथिन सुईतून आत गेलं की शरीराला वाटतं, हा मेला परत आला. मग ते थयथयाट करतं. अंगभर पित्त उठतं, ओठ सुजतात, एखाद्याचा श्वाससुद्धा कोंडतो. म्हणजे वाचवायला निघायचं आणि आपल्याच हातानं माणूस दवाखान्यात घालायचा.

पहिली सुई पुढच्या सोमवारी होती. त्याच्या आदल्याच आठवड्यात ॲलर्जी तपासायची नवी चाचणी आमच्या हाती आली. जुनी फार ढोबळ होती, ही बारीकसारीकही पकडायची. नीट चालते का बघावं म्हणून मी प्लेटच्या एका खळग्यात प्रथिनावर आईंचं रक्त घातलं. तो खळगा स्वच्छ राहायला हवा होता. तो पिवळाधमक झाला. पिवळा म्हणजे रक्तानं प्रथिन ओळखलं.

मी पुन्हा केलं. पुन्हा पिवळा.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी प्लेट उजेडात धरली. "तुझ्या सासूबाई? आणि जंत? अगं, त्या माझं पेनसुद्धा पुसून परत देतात. चाचणीच गंडलेली दिसतेय."

"आणि नसली तर?"

"घरी विचार त्यांना. नाही म्हणाल्या तर चाचणीची चूक. सोमवार ठरल्याप्रमाणे."

आईंनी नाही म्हणावं म्हणून मी वाटभर मनातल्या मनात विनवण्या करत होते. शास्त्रज्ञानं असं करू नये. मी केलं.

"जंत? मला?" आईंनी हातातलं फडकं ओट्यावर आपटलं. "डोकं फिरलंय का तुझं? आमच्याकडे असलं काही नव्हतं."

मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच बसकण मारली. सरांना फोन करून कळवलं. मग चहा पिताना नवऱ्याला सगळं सांगत बसले. आई हो म्हणाल्या असत्या तर सगळंच थांबवावं लागलं असतं, कारण मग बाकीच्यांच्या नाहीवर तरी कसा विश्वास ठेवायचा? एखाद्याचा श्वास अडकला तर? पण आता काळजी मिटली होती. आई पलीकडे एकच फळी पुसत होत्या. मघाशीच पुसून झालेली होती ती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या एकट्याच बसनं प्रयोगशाळेत आल्या. दारात उभ्या राहिल्या. मी पायांकडे बघितलं. त्या बाल्कनीच्या चपला घालून आल्या होत्या.

"आई, काय झालं?"

"दार लाव आधी."

मी दार लावलं. त्या खुर्ची न पुसताच बसल्या.

"मी खोटं बोलले काल. आम्ही वीटभट्टीवर राहायचो. माझे वडील विटा थापायचे. दिवसभर आमचे पाय चिखलात. आडोशाला जायचं तेही तिथेच, भट्टीमागे. पायांना अशी खाज सुटायची की रडू यायचं. धाकटी तर भिंतीची माती उकरून खायची. वाळून काडी, पांढरीफटक पडली होती. मग एक डॉक्टरीणबाई आली, तिनं गोळ्या दिल्या. नंतर जे पडलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. शाळेत मुली शेजारी बसू द्यायच्या नाहीत."

"धाकटी म्हणजे... मावशी? आपली मावशी? दारातून तिरकी होऊन आत येते ती?"

"तीच."

आम्हा दोघींना हसू फुटलं. आईंचं मधेच थांबलं.

"लग्न ठरलं तेव्हा आईनं बजावलं, भट्टीचं तिकडे बोलायचं नाही. मी कधी बोलले नाही. तुझ्या सासऱ्यांना ठाऊक नव्हतं, तुझ्या नवऱ्यालाही नाही. मी नाही म्हणाले तसे तुझे ते लोकही म्हणाले असतील गं. असली लाज कोण चारचौघांत काढून दाखवतं? उद्या कुणाचा श्वास अडकला तर मी कुठे तोंड लपवू?" त्यांनी पदर तोंडाला लावला. "मेलं ना गं तुझं कार्टं? माझ्यामुळे मेलं."

मी त्यांना जवळ घेतलं. रडले मीही, उगाच कशाला नाही म्हणू. नंतर हात धरून त्यांना सरांकडे नेलं आणि त्यांनी सरांना तेच सगळं मान वर करून सांगितलं.

सोमवार रद्द झाला. निवडलेल्या प्रत्येकाचं रक्त नव्या चाचणीत घातलं, तर खळग्यांमागून खळगे पिवळे. एक भारदस्त गृहस्थ मला म्हणाले, "मॅडम, जंत काय सांगायची गोष्ट आहे का?" त्यांना सोमवारी सुई टोचली असती तर ते माझ्या हातानं दवाखान्यात गेले असते. कार्टं डीप फ्रीझरमध्ये गेलं.

घरी आईंनी त्याचं नाव टाकलं. मी दारात आले की त्या "आलीस?" एवढंच म्हणायच्या. प्रथिन गेल्याचं दुःख होतंच, पण तो प्रश्न बंद झाला ते मला जास्त लागलं.

पुढे आम्ही तेच प्रथिन बाहेर काढून त्याचे तुकडे केले. लशीचं काम करेल आणि जुन्या रुग्णाचं शरीर पिसाळणार नाही, असा एखादा तुकडा सापडतो का ते बघायचं होतं. मी घरी विषय काढला.

"आई, उद्या रक्त द्यायला येता का?"

"माझं? ते कोरं कुठे राहिलंय आता?"

"कोरं नकोच आहे. जंत ओळखणारं हवंय. तुमच्याइतकं ओळखणारं आमच्याकडे दुसरं नाही."

 दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्याआधी तयार होऊन दारात उभ्या होत्या. प्रयोगशाळेत त्यांनी हात पुढे केला, मुलीला हात धुवायला लावलं आणि मला दम भरला, "पिवळं आलं तर सांगायचं. मला वाईट वाटेल म्हणून लपवायचं नाही."

बरेचसे तुकडे पिवळे झाले. एक झाला नाही. पुन्हा केला, तरी झाला नाही. एका माणसाच्या रक्तावर काही ठरत नाही, अजून कितीतरी जणांचं बघायचं आहे. तरी संध्याकाळी मी जिना धावतच चढले. आईंनी दार उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि इतक्या महिन्यांनी विचारलं,

"काय म्हणतंय कार्टं?"

"एक तुकडा सापडलाय. तुमच्या रक्तानं त्याला ओळखलंच नाही, आई."

"नाही ओळखलं?" त्यांनी डोळे पुसले. "मग जाऊ दे त्याला. भट्टीवरच्या पोरांकडे आधी जाऊ दे."

आणि मी बाहेरच्या चपला घालूनच आत आले होते, तरी त्या काही बोलल्या नाहीत.